हरलेले डाव रद्दीत घालू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. वय ६४. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. बुद्धिबळ आजोबांकडून शिकलो, तेही देशी पद्धतीनं. पुढं तालमीच्या कट्ट्यावर खेळलो, ऐंशीच्या दशकात एक-दोनदा सांगलीला स्पर्धेलाही जाऊन आलो. मग नोकरी आणि संसार. निवृत्तीनंतर पुन्हा पट काढला. रोज रात्री मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो, एक कधी वाजतो कळत नाही. सिसिलियन बचावावरची (काळ्याची एक सुरुवात) दोन जाडजूड पुस्तकं आणली, व्हिडिओही बघतो. तरी सुधारणा नाही. गेल्या महिन्यात खुल्या स्पर्धेत नऊ वर्षांच्या मुलीनं बावीस चालींत हरवलं. खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन वर्षांत रेटिंग १५६० वरून १४९० वर आलंय. कट्ट्यावरचे म्हणतात, "आण्णा, आता सापशिडी खेळा." स्पर्धेत हरलेल्या तीन डावांचे कागद सोबत जोडतोय. या वयात खेळ खरंच सुधारतो का? रोज किती तास अभ्यास करायचा? ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, बदलू का? आणि ऑनलाइन क्लास लावावा का?

— एक वाचक

उत्तर

आण्णा, नमस्कार.

तुमचं पत्र नंतर वाचलं, आधी तिन्ही डाव पटावर मांडून बघितले. माणूस स्वतःच्या खेळाबद्दल जे सांगतो त्यापेक्षा त्याच्या चालींवर माझा विश्वास जास्त आहे. तुमच्या चालींवरून एक गोष्ट लगेच दिसली. तुम्ही ज्याचा अभ्यास करताय, तिथं तुम्ही हरतच नाही आहात. तीनपैकी एकाही डावात सिसिलियन आलेली नाही!

खेळ सुधारतो का, हा पहिला प्रश्न. सुधारतो. पण शाळकरी पोरांसारखा झपाट्यानं नाही, आणि त्यांच्या वाटेनं तर नाहीच. मी या पोरांना शिकवते, म्हणून सांगते. एकच व्हिडिओ दोनदा बघून ती अख्खी ओपनिंग घोकून येतात आणि रविवारी दहा डाव खेळून सोमवारी ताजीतवानी असतात. साठीनंतर विचाराचा वेग कमी होतो, चालींच्या चार फांद्या एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं जड जातं. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र बुद्धिबळ म्हणजे नुसता वेग नव्हे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवून मांडायला लावायची. तरबेज खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर मांडायचा. पण तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली, की दोघांमधला फरक जवळजवळ संपायचा. म्हणजे तरबेज माणसाची स्मरणशक्ती काही अचाट नसते, ओळखीच्या मांडण्यांचा साठा मोठा असतो. तुमच्याकडेही कट्ट्यावरच्या वर्षांचा असा साठा आहे आणि तो वयामुळं सहजी जात नाही.

अडचण अशी, की त्या साठ्यात चुकीच्या सवयीही तितक्याच घट्ट बसलेल्या असतात. पोरांना नवीन शिकायचं असतं. तुम्हाला आधी काय काढून टाकायचं हे शोधावं लागेल. ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. तुम्ही जोडलेल्या तीन कागदांत आहे.

बावीस चालींचा डाव घ्या. पांढरी मोहरी तुमची, ओपनिंग इटालियन. पहिल्या चार चाली छान. मग एच३, मग ए३, मग सी३, सगळी प्यादी एकेक घर. तोवर त्या मुलीनं कॅसलिंग करून (म्हणजे हत्तीच्या मदतीनं राजा एका चालीत कडेला सुरक्षित नेऊन) हत्ती ई या मधल्या उभ्या पट्टीवर आणला होता. चौदाव्या चालीला तिनं ई४ ढकललं, पट्टी उघडली, आणि तुमचा राजा अजून मूळ घरातच. पुढच्या आठ चालींत तिनं काही चमत्कार केलेला नाही. जे समोर होतं ते घेत गेली. आता आजोबांची देशी पद्धत आठवा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, कॅसलिंग नव्हतंच, आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. त्या खेळात राजा मधोमध राहिला तरी पळायची सोय होती, आणि डाव सावकाश उघडायचा. आज तुम्ही नियम आंतरराष्ट्रीय पाळता, पण राजाबद्दलची तुमची बेफिकिरी देशी आहे. दुसऱ्या डावातही कॅसलिंग सोळाव्या चालीला झालंय. यावर उपाय एका ओळीचा: दहाव्या चालीच्या आत कॅसलिंग, आणि तोवर कडेच्या प्याद्यांना हात लावायचा नाही. याला अपवाद असतात, पण तुम्हाला सध्या अपवादांची गरज नाही.

दुसरा डाव मला सगळ्यात मोलाचा वाटला. काळी मोहरी घेऊन तुम्ही एका शाळकरी मुलाशी पन्नास चाली झुंजलात. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि त्याच्याकडे ई पट्टीवर एक प्यादं जास्त. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत उभा. हा डाव बरोबरीत सुटायला हवा होता. तुम्ही मात्र हत्ती मागच्या रांगेत राजाशेजारी आणून ठेवलात आणि तिथंच मागंपुढं करत राहिलात. त्याचा राजा पुढं सरकला, प्यादं त्याच्या मागोमाग, आणि संपलं. इथं अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडॉर (पेशानं संगीतकार होता तो) याच्या नावाची एक बचावाची रीत आहे. हत्ती स्वतःच्या बाजूनं मोजून तिसऱ्या रांगेत ठेवायचा आणि त्या रांगेवरच इकडून तिकडं फिरवायचा. त्यामुळं समोरच्या राजाला पुढं घुसता येत नाही. वाट करून घेण्यासाठी त्याला प्यादं त्या रांगेत ढकलावंच लागतं. त्यानं ते ढकललं, की आपला हत्ती सरळ पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. आता त्याच्या राजाला प्याद्याआड लपायला जागा उरलेली नसते, कारण लपायच्या घरात प्यादंच जाऊन बसलंय. मागच्या रांगेत हत्ती ठेवून गप्प बसणं हे कडेच्या किंवा घोड्याच्या पट्टीवरच्या प्याद्यापुढं चालून जातं. मधल्या आणि उंटाच्या पट्टीवरच्या प्याद्यापुढं चालत नाही. तुमचा अनुभव बहुधा कडेच्या प्याद्यांचा असावा, म्हणून हात आपोआप तिकडं गेला.

हे वाचून मान डोलावू नका. पट मांडा, समोर कट्ट्यावरचा कुणीतरी बसवा आणि हीच स्थिती खेळा. आधी तुम्ही बचाव करा, मग बाजू बदलून तुम्ही जिंकायचा प्रयत्न करा. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यानं पुन्हा. तालमीत वस्ताद हरलेल्या पैलवानाला भाषण देत नाही, ज्या पकडीत तो चीत झाला तीच पकड दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा घ्यायला लावतो. अंतर राखून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकण्यापेक्षा जास्त टिकते, हे मानसशास्त्रात फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि उतारवयात तर दुसरा मार्गच नाही.

एंडगेमचा, म्हणजे डावाच्या शेवटाचा, मी आग्रह धरते, त्याचं आणखी एक कारण आहे. ओपनिंगचं शास्त्र दर वर्षी बदलतं. संगणक नवीन काहीतरी शोधतो आणि घोकलेलं वाया जातं. राजा आणि प्याद्याचा शेवट बदलत नाही. अपोझिशन (राजासमोर राजा उभा करणं), प्याद्याचा चौकोन (धावतं प्यादं राजाला गाठता येतं का ते सांगणारा), हत्तीच्या शेवटातल्या फिलिडॉर आणि लुसेना या दोन स्थिती, चुकीच्या रंगाचा उंट आणि कडेचं प्यादं. एवढ्याच गोष्टी पक्क्या केल्यात तरी १५०० च्या आसपासच्या खेळाडूला दर स्पर्धेत कुठंतरी अर्धा गुण जास्त मिळतो. कॅपाब्लांका जगज्जेता होता, तोही सांगायचा, की अभ्यास शेवटापासून करा.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं द्यायला मला संकोच वाटतो, कारण ते मुळातच वेगळ्या पातळीचे. तरी सोव्हिएत खेळाडू स्मिस्लोव्हचं सांगते. जगज्जेतेपद त्याच्याकडं १९५७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी गेलं. पंचवीस वर्षांनी, बासष्टाव्या वर्षी, हा गृहस्थ पुन्हा आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यांत खेळत होता. १९८३ मध्ये जर्मनीच्या ह्युबनरशी बरोबरी काही सुटेना, तेव्हा चक्क कॅसिनोतलं रूलेटचं चाक फिरवून निकाल लावला, आणि पहिल्यांदा गोळी शून्यावर पडल्यामुळं ते परत फिरवावं लागलं! कौल स्मिस्लोव्हच्या बाजूनं लागला. पुढं त्यानं हंगेरीच्या रिब्लीला हरवलं आणि १९८४ च्या अंतिम सामन्यात विशीतल्या कास्पारोवकडून हरला. ज्येष्ठांची जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये पहिल्यांदा झाली, ती जिंकणारा हाच. कोर्चनॉयनं तर २०११ साली, ऐंशीव्या वर्षी, स्वित्झर्लंडची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. या दोघांचे उतारवयातले डाव चाळून बघा. पटावर मोहरी कमी झाली, की यांच्या चेहऱ्यावर बरं वाटत असणार असं मला नेहमी वाटतं. तरुण कास्पारोवसारखी पेटवापेटवी तिथं क्वचित.

तिसरा डाव बघून मात्र मला राग आला. एक घोडा जास्त, सगळं हातात, आणि चौतिसाव्या चालीला शेवटच्या रांगेत मात. राजापुढची तीनही प्यादी जागच्या जागी, बाहेर पडायला खिडकी नाही. कागदाच्या कोपऱ्यात तुम्हीच लिहिलंय, की घड्याळात ५२ मिनिटं शिल्लक होती! नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद मिळणारा डाव तुम्ही पंचावन्न मिनिटांत उरकलात. घाई कुठून आली? रात्रीच्या तीन-तीन मिनिटांच्या डावांतून आली. रोज शे-सव्वाशे चाली विचार न करता खेळायचा सराव होतोय, आणि सरावाचं फळ स्पर्धेत मिळतंय.

म्हणून पहिलं काम, ब्लिट्झ, म्हणजे हे झटपट डाव, बंद. अगदीच राहवलं नाही, तर रविवारी एक तास. मोबाईलवर खेळायचंच असेल तर लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती नाहीत. तिथं पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद असा डाव लावा, दिवसाला एकच, आणि तोही संध्याकाळी. रात्री एकपर्यंत जागून सकाळी अभ्यासाला बसलात तर काही टिकणार नाही. शिकलेलं पक्कं व्हायचं काम झोपेत होत असतं. त्यामुळं घरच्यांची कटकटही कमी होईल. तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, पण ती असणारच.

चाल खेळण्याआधी मनात तीन गोष्टी विचारायच्या: समोरच्याला आता शह देता येतो का, काही मारता येतं का, त्याची धमकी काय आहे. शह, मार, धमकी. तुमच्या कागदावर काही चाली खोडून पुन्हा लिहिलेल्या दिसतात, म्हणजे तुम्ही जुन्या शिकवणीप्रमाणं आधी चाल लिहिता आणि मग खेळता. पूर्वी प्रशिक्षकच ही सवय लावायचे. आता फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमानं आधी लिहायला मनाई आहे आणि पंच हरकत घेऊ शकतो. त्याऐवजी चाल ठरली, की हात मांडीवर ठेवा, नजर पटावरून काढून एकदा छताकडं न्या आणि पुन्हा पटाकडं. नव्यानं बघितल्यासारखं शह, मार, धमकी तपासा. दहा सेकंद लागतात. तिसऱ्या डावात तेवढ्यानं काम झालं असतं.

आता वही. हरलेल्या डावाची कार्बन प्रत घरी आणायची, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पट मांडून तो डाव पुन्हा खेळायचा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. जिथं विचार केला तिथं काय विचार केला होता ते लिहायचं, जिथं विचारच केला नाही तिथं तसं लिहायचं. "इथं मला वाटलं घोडा येणार नाही." "इथं कंटाळा आला." "इथं पोरगी जागेवरून उठून गेली, म्हणून मीही पटकन खेळलो." असली वाक्यं सोन्याच्या मोलाची असतात, आणि ती संगणक लिहू शकत नाही. ते झाल्यावरच स्टॉकफिश हा डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम लावा आणि तुम्ही शोधलेली चूक आणि त्यानं दाखवलेली चूक ताडून बघा. उलट केलंत, तर यंत्र आकडा दाखवेल, तुम्ही "अरे हो" म्हणाल आणि विसरून जाल. पंधरा-वीस डाव वहीत आले, की चुका एकमेकींसारख्या दिसायला लागतील. नवीन चुका माणूस फार कमी करतो.

कोड्यांबद्दल थोडक्यात. पोरांच्या नादानं अवघड कोडी सोडवू नका. दोन-तीन चालींत सुटणारी सोपी कोडी घ्या, दोनशेच्या आसपास, आणि तीच तीच पुन्हा करा. पहिल्या फेरीला महिना लागेल, दुसरीला दोन आठवडे, तिसरीला आणखी कमी. फोर्क (एका मोहऱ्याचा दोघांवर हल्ला), पिन (मागच्या मोहऱ्यामुळं पुढचं अडकणं), शेवटच्या रांगेतली मात हे बघताक्षणी दिसायला हवं, हिशेब करून नव्हे. कोडी शक्यतो खऱ्या पटावर मांडा. मोबाईलच्या सपाट चित्रावर दिसणारा उंट लाकडी पटावर दिसत नाही, अशी तक्रार मी पुष्कळ ज्येष्ठांकडून ऐकलीय आणि ती खरी आहे. आणि चष्मा! वाचायचा चष्मा कागदापुरता असतो, पटाची पलीकडची बाजू त्याहून लांब असते. नंबर काढताना डॉक्टरांना पटाचं अंतर हातानं दाखवा.

पांढऱ्याकडून ओपनिंग बदलू नका. तुमची इटालियन चाळीस वर्षांची ओळखीची आहे, तीच ठेवा, फक्त कॅसलिंग वेळेत करा. काळ्याकडून ई४ ला कारो-कान हा बचाव घेतलात तर बरं, तिथं राजा सहसा सुरक्षित असतो आणि पाठांतर बेताचं. डी४ ला सध्या खेळता ते चालू द्या. सिसिलियनची पुस्तकं एखाद्या होतकरू पोराला देऊन टाका. कोर्चनॉय फ्रेंच बचाव आयुष्यभर खेळत राहिला, त्यामुळं त्याचं काही अडलं नाही.

रेटिंगचं जरा नीट सांगते, तुम्ही हिशेब विभागातले, लगेच ध्यानात येईल. फिडेच्या पद्धतीत प्रत्येक निकाल एका गुणकानं गुणला जातो. तीस रेटेड डाव झालेल्या, तुमच्या पातळीच्या प्रौढ खेळाडूचा गुणक २०, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा ४०, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत. म्हणजे ती मुलगी तुम्हाला हरवते तेव्हा तुमचे जितके गुण जातात, त्याच्या साधारण दुप्पट तिचे वाढतात. इतकं करूनही मुलांचं रेटिंग त्यांच्या खेळाच्या मागंच राहतं, कारण यादी महिन्यातून एकदा निघते आणि पोरं रोज शिकत असतात. तिच्या नावापुढं १४५० असेल, पण त्या दिवशी ती खेळत होती १६५० सारखी. ही घसरण इतकी सार्वत्रिक झाली होती, की मार्च २०२४ मध्ये फिडेनं २००० खालच्या सगळ्यांची रेटिंग एकदम वर उचलली आणि किमान रेटिंग १४०० केलं. तेव्हा तुमचे जे सत्तर गुण गेले, त्यातले काही खरे, काही या हिशेबाचे. दोन वर्षं त्या आकड्याकडं बघू नका. वहीत वेगळा आकडा ठेवा: फुकट मोहरं घालवल्याशिवाय किती डाव संपवले.

आणि त्या मुलीशी हरल्याची लाज बाळगू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जागतिक महिला करंडक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या लहानपणी विदर्भातल्या कितीतरी काकांनी तिच्यासमोर राजा आडवा केला असेल. सांगलीत भाग्यश्री साठे खेळायला लागल्या तेव्हाही हेच झालं असणार. डाव संपल्यावर त्या पोरीला विचारा, "बाळ, कुठं चुकलो मी?" लहान मुलं याचं उत्तर फार स्पष्ट देतात, आणि बहुतेक वेळा बरोबर देतात. पण एक लक्षात ठेवा. वजिरावजिरी करून पोरांना कंटाळा आणता येतो हा कट्ट्यावरचा सल्ला अर्धाच खरा आहे. क्लासमधल्या पोरांचे एंडगेम चांगले घोटलेले असतात. कंटाळा तुम्हाला आधी आला नाही, तरच त्याचा उपयोग.

तासांचं विचारलंत. सकाळी एक तास, आठवड्यातून पाच दिवस, पुष्कळ झाला. रंकाळ्यावर फिरून आल्यावर, चहा झाल्यावर, डोकं ताजं असताना. दोन दिवस एंडगेम, दोन दिवस कोडी, एक दिवस वही. शनिवारी एक लांब डाव, समोरासमोर बसून, घड्याळ लावून, चाली लिहून. तुमच्या पेठेत असे तीन-चार जण निघतीलच. नसतील तर शेजारच्या पेठेत बघा. पेठापेठांतलं फुटबॉलच्या मैदानावरचं वैर पटावर आणायची गरज नाही.

स्पर्धेबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. दिवसाला दोन फेऱ्या असतील, तर दुसऱ्या फेरीत थकवा हा खरा प्रतिस्पर्धी असतो. मधल्या वेळेत कट वाढवून मिसळ आणि चार पाव हाणून आलात, तर तिसऱ्या तासाला डोळे मिटणारच. हलकं खा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, समोरच्याची पाळी असताना उठून चार पावलं फिरा. बीपी-शुगरची गोळी असेल तर तिची वेळ डावाच्या वेळेशी जुळवून घ्यायला आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा. नियमपत्रकात अर्ध्या गुणाच्या बायची (न खेळता अर्धा गुण घेऊन फेरी सोडण्याची) सोय असेल, तर एक फेरी सोडायला लाजू नका. दुसरी गोष्ट, पुढच्या वर्षी तुम्ही पासष्टचे. ज्येष्ठांच्या स्पर्धांत २०१४ पासून पन्नासच्या वरचे आणि पासष्टच्या वरचे असे दोन गट असतात, आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजतात. तुम्ही त्या गटातले सगळ्यात तरुण असाल. खुल्या स्पर्धा सोडू नका, पण वर्षातून एखादी ज्येष्ठांची धरा. तिथंही कुणी फुकट गुण देत नाही.

राहिला क्लास. तीस पोरांच्या ऑनलाइन गटात नाव घालू नका. तिथला वेग आणि तिथला अभ्यासक्रम तुमच्यासाठी बनवलेला नाही, पोरांसमोर प्रश्न विचारायला तुम्हीच संकोचाल, आणि महिन्याभरानं कॅमेरा बंद करून बसाल. त्याच पैशात महिन्यातून एक तास एखाद्या चांगल्या खेळाडूला भेटा. समोरासमोर जमलं तर उत्तम, नाहीतर फोनवर. वही आणि त्या महिन्याचे डाव पुढ्यात ठेवायचे आणि त्यावरच बोलायचं. वही आधी दोन दिवस त्याच्याकडं पाठवून द्या. भेटीच्या दिवशी त्यानं ती उघडलेलीच नसेल आणि छापील अभ्यासक्रम पुढं केला, तर फी देऊ नका.